शेऱ्याचा रकाना : मेळघाटातले अंगारी आणि आगीनंतरची राखण

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. ते मेळघाटात नाकेदार होते. सरकारी भाषेत वनरक्षक. पण आमच्या वऱ्हाडातली जुनी माणसे अजूनही नाकेदारच म्हणतात. पेटीत खाकी पट्टा, शिट्टी, तीन-चार डायऱ्या आणि वणव्याच्या अहवालाची एक कार्बन प्रत सापडली. साल १९७८, महिना एप्रिल. अक्षर वडिलांचेच. आग लागल्याची वेळ, कक्ष क्रमांक, जळालेले क्षेत्र, आगीचे कारण, विझवण्यास लागलेले मजूर, झालेला खर्च, असे रकाने ओळीने भरलेले. कारणापुढे ‘अज्ञात’. अगदी शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना, आणि त्यात तीन शब्द : ‘एक मजूर भाजला.’

तो मजूर नंतर वाचला नाही, हे मला घरच्या बोलण्यातून माहीत होते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. अहवालात ते नाही, कारण अहवाल आग विझल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिला गेला आणि मजूर त्यानंतर गेला. पुढे काय झाले हे लिहायला कागदावर जागाच नव्हती.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही आणि मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. अकोटात माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. दुकान सांभाळून गेली वीसेक वर्षे मी मेळघाटाविषयी मिळेल ते वाचतो, आणि सवड मिळाली की घाट चढून जातो. त्या तीन शब्दांनी मला एका प्रश्नाकडे नेले. जंगलाची आग विझवणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होते, आणि त्याला आजवर सांभाळले कोणी? या लेखात त्याचे उत्तर जुळवण्याचा प्रयत्न आहे.

आधी थोडा इतिहास. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढच्या दशकात अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे रेल्वे गेली आणि सातपुड्यातल्या सागाला भाव आला. जंगल राखीव झाले, तशी आग हा सरकारी विषय झाला. त्याआधी ती गावाची बाब होती. कोरकू माणूस रान जाळून त्या राखेत पेरणी करी, नव्या गवतासाठी माळ पेटवी, मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पाला जाळी. आगीशी त्याचा व्यवहार होता. ती कुठे सोडायची आणि कुठे अडवायची हे त्याला ठाऊक होते. मध्य प्रांताचे वनसंरक्षक कर्नल पिअरसन यांनी १८६०च्या दशकात सातपुड्यातल्याच बोरी जंगलात आगीपासून बंदोबस्ताचा प्रयोग यशस्वी करून दाखवला आणि तो देशभर नमुना मानला गेला. जाळरेषा कापायच्या, त्या थंडीत जाळून साफ ठेवायच्या आणि उन्हाळाभर पहारा करायचा, ही पद्धत मुळात तेव्हाची. आजही ती फारशी बदललेली नाही.

पहारा करायला माणसे हवीत. ती कुठून आणणार? ज्याने काल रान जाळले म्हणून दंड भरला, त्याच कोरकूला आज रान राखायला उभे केले गेले. वनग्रामे वसवली गेली. राहायला-कसायला जमीन आणि बदल्यात जंगलकामाला हजर राहण्याची अट. १९२७च्या वन कायद्यात तर जंगलात हक्क-सवलत असणाऱ्याने आग विझवायला मदत करणे बंधनकारकच केले आहे. तो कायदा अजून लागू आहे. म्हणजे आगीला सामोरे जाणे हे त्या माणसाच्या वाट्याला नोकरी म्हणून आले नाही. तिथे राहण्याचे मोल म्हणून आले.

इंग्रजी अमलातले वनखात्याचे वार्षिक अहवाल चाळले की एक गोष्ट ठळक दिसते. आगीचे प्रकरण दरवर्षी असते. किती चौरस मैल क्षेत्राला संरक्षण दिले, किती जळाले, शेकडा किती यश आले, दर मैलामागे खर्च किती पडला, हे सगळे पै-पैशासह. आग विझवणारा त्यात खर्चाच्या बाजूला भेटतो. वडिलांच्या १९७८च्या अहवालातले रकाने त्याच घराण्यातले. राज्य बदलले, १९७४ साली मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला, पण कागदाची आखणी तीच राहिली.

हंगामापुरते जे मजूर आगीच्या पहाऱ्यावर घेतले जातात, त्यांना मेळघाटात अंगारी म्हणतात. आगीचा हंगाम सरकारी हिशेबाने १५ फेब्रुवारी ते १५ जून. ज्यांनी उन्हाळ्यातला मेळघाट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मार्चअखेर साग पूर्ण उघडा पडतो. त्याची पाने सुपाएवढी; ती वाळून गुडघ्यापर्यंत थर साचतो. वर उभे वाळके गवत आणि मध्ये बांबूची बेटे. मोहाचा बहर आणि तेंदूपानांचा हंगाम याच काळातला, त्यामुळे रानात माणसांची वर्दळही याच दिवसांत. उतारावर लागलेली आग वर चढताना माणसाच्या धावेपेक्षा वेगाने जाते.

आता उपग्रहावरून सूचना येते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून आगीच्या जागा राज्यांना कळवते. पाला उडवून रेषा काढणारे ब्लोअर आले आहेत. पण ब्लोअर पाठीवर घेऊन दरी उतरायची ती माणसानेच. ते कमी पडले की हिरव्या डहाळ्या तोडून आग झोडपायची. मोठ्या आगीसमोर दुसरी आग लावून दोन्ही एकमेकींना भिडवायच्या. हे काम जाणत्याचेच, कारण वारा फिरला तर आपलीच आग आपल्यावर येते. काम बहुधा रात्री चालते. रात्री वारा पडतो आणि ज्वाळा लांबून दिसते.

आग पडल्यावर खरे कंटाळवाणे काम सुरू होते. वाळकी खोडे आतून धुमसत राहतात. वरून राख थंड दिसते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने तेच खोड फुटून ठिणगी रेषेपलीकडे जाते. म्हणून विझलेल्या आगीवरही राखण ठेवावी लागते. एक-दोन माणसे तिथेच थांबतात, खोडे उलथतात, माती टाकतात, हात लावून ऊब पाहतात. कोणताही जुना नाकेदार सांगेल की आग विझली असे पहिल्या दिवशी म्हणायचे नसते.

गेल्या तीन उन्हाळ्यांत मी काही आजी-माजी अंगारींशी आणि वनरक्षकांशी बोललो. नावे देत नाही. तसा शब्द दिला आहे. धारणीकडचे एक साठीचे गृहस्थ पहिल्या दोन भेटींत फक्त पावसापाण्याचे बोलले. तिसऱ्या भेटीत, मी निघायला उठलो तेव्हा म्हणाले, “भाऊ, राती डोये मिटले का पाला कुरकुरल्यावानी आवाज येते. बायको म्हन्ते, उंदीर असन. मले माहीत हाये उंदीर नाई.” त्यांच्या शेवटच्या मोठ्या आगीला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. दुसरे एक जण बारा वर्षे हंगामी राहिले. त्यांना आगीचे भय नव्हते. भय होते ते फेब्रुवारीत बोलावणे न येण्याचे. त्यामुळे धुराने छाती भरते, झोप लागत नाही, हे त्यांनी कधीच कोणाला सांगितले नाही. “सांगतलं तं पुढच्या वर्षी दुसऱ्याले घेतीन,” एवढाच त्यांचा हिशेब होता. एका तरुण वनरक्षक मुलीने सांगितले की आगीपेक्षा आगीनंतरचा दिवस जड जातो. किती जळाले, का जळाले, तू कुठे होतीस, याची उत्तरे द्यायची असतात आणि कपड्यांचा धुराचा वासही अजून गेलेला नसतो.

२०२१च्या उन्हाळ्यात दोन घटना चौदा दिवसांच्या अंतराने घडल्या. २५ मार्चला मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपवले. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रांत वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाची तक्रार होती. पुढे गुन्हा दाखल झाला, चौकशा झाल्या, राज्यभर संताप उमटला. ८ एप्रिलला गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर होरपळून गेले. आणखी काही भाजले. पहिल्या घटनेची बातमी छळाची म्हणून छापली गेली, दुसरीची अपघात म्हणून. ते बरोबरच आहे, दोन्हींची कारणे वेगळी. पण मला ती दोन्ही पाने शेजारी ठेवावीशी वाटली. एकाच खात्यात, एकाच हंगामात, शिडीच्या वरच्या पायरीवरची अधिकारी आणि सर्वांत खालच्या पायरीवरचे मजूर गेले. आणि दोन्ही ठिकाणी मागे राहिलेले सहकारी दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात गेले, कारण हंगाम जूनपर्यंत होता. मेलेल्यांची चौकशी झाली. जे उरले, त्यांची विचारपूस कोणाच्या कामात मोडते, हे कुठे लिहिलेले नव्हते.

मग पूर्वी हे कसे निभत होते? माझ्या समजुतीप्रमाणे, टोळीमुळे. पूर्वी आगीवर जाणारी माणसे बहुधा एकाच गावची असत. मुकादम त्यांच्यातलाच, नात्यागोत्यातला. आगीतून ती एकत्र परतत आणि एकाच आवारात झोपत. कोण जेवत नाही, कोण मोहाची जास्त घेतो, कोण गप्प झाला, हे सांगावे लागत नसे. शिवाय कोरकूंमध्ये मेलेल्यासाठी शोकाला जागा आहे. सागाची फळी कोरून ती मृताच्या नावाने उभारतात. तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. हा सिडोलीचा विधी मृत्यूनंतर लगेच होईलच असे नाही. घरची ऐपत जमली की, कधी काही वर्षांनीही होतो. त्या दिवशी गाव पुन्हा जमते, जेवते, नाचते, गेलेल्याचे नाव पुन्हा घेते. तेराव्या दिवशी आटपा, असे तिथे नाही. दुःखाला पुढची तारीख मिळते, आणि त्या तारखेला माणसे येतात.

या व्यवस्थेचे मला गोडवे गायचे नाहीत. तिच्यात दारूही होती, भुताखेताची भीती होती, आणि बाईच्या वाट्याला तिचा आधार किती येई, याचा मला संशय आहे. पण ती होती, आणि आता विरत चालली आहे. काही गावे व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पुनर्वसित झाली. पोटासाठी माणसे वर्षातले बरेच महिने बाहेर राबतात. जंगलात जागोजागी संरक्षण कुट्या झाल्या; तिथे दोन-चार जण राहतात, वेगवेगळ्या गावचे, कधी वेगवेगळ्या जिल्ह्यांचे. बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. वायरलेस आहे, पण तो सगळे ऐकतात. त्याच्यावर ‘मला बरे वाटत नाही’ असे कोण म्हणेल? होळी हा कोरकूंचा वर्षाचा सण. बाहेर गेलेली माणसे त्याला घरी परततात, मेघनाथाची पूजा होते, फगवा मागतात. नेमकी तीच वेळ आगीची. गाव नाचत असताना अंगारी टेकडीवरून त्या उजेडाकडे बघत बसलेला असतो, आणि तो होळीचाच उजेड आहे ना, याची खात्री करत असतो.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. २०२० साली केरळात त्रिशूर जिल्ह्यात तीन वनपहारेकरी वणव्यात गेले. २०२४च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या बिनसरला चार वनकर्मचारी जागीच मृत्युमुखी पडले. ज्या अमेरिकेत वणवा विझवणे हा वेगळा व्यवसाय आहे, तिथेही मनाकडे लक्ष जायला फार वर्षे लागली. १९४९ साली मोंटानातल्या मान गल्च इथे तेरा तरुण जळून गेले. त्यानंतर आग कशी वागते याचा अभ्यास झाला आणि १९५७ मध्ये आगीवरच्या माणसासाठी दहा आदेश निघाले. वाचलेल्यांच्या मनाबद्दल त्या आदेशांत काही नव्हते. ऐंशीच्या दशकात जेफ्री मिचेल या एकेकाळच्या अग्निशामकाने एक पद्धत मांडली. भीषण प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि घडले ते एकदा बोलून मोकळे व्हायचे. ती झपाट्याने पसरली. पुढे २००२ साली अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा एका बैठकीत एकट्याला बोलते करून मनाचा पुढचा आजार टळतो याला पुरावा मिळाला नाही. काही जणांना उलट त्रास झाल्याचे दिसले.

मला हा निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटले नाही. ते धारणीचे गृहस्थ तिसऱ्या भेटीत, उठता उठता बोलले होते. पहिल्याच दिवशी सतरंजीवर बसवून ‘सांगा’ म्हटले असते, तर ते उठून गेले असते. आता तिकडेही भर आहे तो त्याच कामातल्या, विश्वासाच्या आणि थोडे शिक्षण दिलेल्या सोबत्यांवर. ते पुन्हा पुन्हा भेटतात, झोप-जेवण विचारतात, आणि गरज दिसली तर डॉक्टरपर्यंत सोबत जातात. २०२१ साली तिथल्या केंद्रीय कायद्याने वणवा विझवणाऱ्यांसाठी मानसिक आरोग्याचा स्वतंत्र कार्यक्रम उभारायला सांगितले.

पण यासाठी अमेरिकेपर्यंत जायचे कारणच काय? घाटाच्या पायथ्याशी, आमच्याच अमरावती जिल्ह्यात हे घडून गेले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ‘संगत’ या संस्थेने जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालवला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केले. ती घरोघरी गेली, बोलली, आणि लागेल त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी शंभरात जेमतेम चार होते. दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. २०१७ साली हा निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात छापून आला आणि जगभर वाचला गेला. सरकारच्या प्रेरणा प्रकल्पातही अमरावती-अकोल्यासह चौदा जिल्ह्यांत आशाताईंनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची चौकशी केली. म्हणजे वऱ्हाडाला हे काम येते. कपाशीच्या काठावर ते जमले. मी ज्या अंगारींशी बोललो, त्यांच्यापैकी एकालाही मात्र असा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता.

काय करता येईल, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण दुकानदाराच्या हिशेबाने चार गोष्टी दिसतात. अंगारींच्या टोळ्या शक्य तिथे एका गावच्या ठेवाव्यात. प्रत्येक परिक्षेत्रात दोन-तीन जाणत्या मजुरांना, त्यात एखादी बाई असावी, सोबतीचे शिक्षण द्यावे; कोरकूत बोलणाऱ्यांना. त्यांनी ऐकलेले वरच्या साहेबापर्यंत जाणार नाही, आणि त्यामुळे कोणाचा पुढच्या हंगामाचा रोजगार तुटणार नाही, याची लेखी हमी असावी. ती नसेल तर बाकी सगळे कागदावर राहील. २०२२ पासून टेलिमानसची १४४१६ ही चोवीस तासांची मोफत सेवा आहे. पण रेंज नसलेल्या कुटीत तो क्रमांक भिंतीवर लिहून भागणार नाही. आठवड्यातून एकदा तरी माणसाला खाली आणावे लागेल. आणि आगीच्या अहवालात एक रकाना वाढवावा : विझवणाऱ्यांची पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनी आणि पुढच्या हंगामाआधी विचारपूस झाली का?

शेवटी वडिलांकडे येतो. १९७८ नंतर ते दिवाळीत फटाके वाजू लागले की आतल्या खोलीत जात. आम्हा मुलांना ते अरसिक वाटत. वणव्यात बांबूची पेरे फुटतात तेव्हा हुबेहूब लवंगी लडीसारखा आवाज होतो, हे मला कळायला पन्नाशी यावी लागली.

त्यांची बदली खाली झाल्यावरही, बाजाराच्या दिवशी एक माणूस आमच्याकडे येई. त्या टोळीचा मुकादम. गेलेला मजूर त्याच्या नात्यातला होता. तो ओसरीवर बसे, “नाकेदारसाब, आलो,” एवढे म्हणे. आई चहा देई. दोघे बिड्या ओढत. तासभरात चार वाक्ये होत असतील. बैल, पाऊस, कोणाच्या पोरीचे लग्न. मग तो उठे. तो उसने पैसे मागायला येतो, असे आम्हाला वाटे. आईला एकदा विचारले तर ती म्हणाली, “पैसे नाही रे मागत. नुसता बसून जाते.” तो गेल्यावर त्या रात्री वडील शांत झोपत, हेही तिनेच सांगितले. मुकादमाला त्या तासाने काय मिळत होते, हे विचारायचे राहून गेले.

हे सुमारे नऊ वर्षे चालले. वडिलांच्या डायऱ्यांत त्याची नोंद नाही. पण विझलेल्या आगीवर राखण ठेवावी लागते, हे त्या दोघांनाही ठाऊक होते, आणि त्यांनी ती ठेवली. १९७८च्या अहवालाची ती कार्बन प्रत मी आता जपून ठेवली आहे. शेऱ्याच्या रकान्यात मी काही लिहिलेले नाही. तो वडिलांचा कागद आहे. त्या मुकादमाची नोंद इथे केली.